गेटचे पैसे, बँकेची नोकरी आणि जॅक ब्लॅकहॅम

1884 च्या डिसेंबरात ॲडलेडला पहिल्यांदाच कसोटी सामना झाला आणि त्यात ऑस्ट्रेलियाचा यष्टिरक्षक जॉन (जॅक) मॅकार्थी ब्लॅकहॅमने इंग्लंडविरुद्ध 66 धावा केल्या. त्या काळात यष्टिरक्षकाकडून धावांची अपेक्षाच कुणी धरत नसे, त्यामुळे ही खेळी मोठीच म्हणायची. तीन आठवडेही झाले नसतील, 1 जानेवारी 1885 ला मेलबर्नमध्ये दुसरी कसोटी सुरू झाली आणि ब्लॅकहॅम संघात नव्हता. मेलबर्न त्याचं गाव, मैदान घरचं. 1877 च्या पहिल्या कसोटीपासून तोवर झालेल्या सतराच्या सतरा कसोट्या तो खेळला होता. बोट मोडलं नव्हतं, फॉर्म गेला नव्हता. तो एकटाच नव्हे, ॲडलेडला खेळलेले अकराच्या अकरा खेळाडू बाहेर होते. भांडण पैशांचं होतं.

या माणसाची नोकरी बँकेतली. मेलबर्नच्या कलोनियल बँक ऑफ ऑस्ट्रलेशियात त्याने अनेक वर्षं कारकुनी केली. क्रिकेटच्या दप्तरी तो हौशी खेळाडू. मग हौशी खेळाडू तिकीटविक्रीतला वाटा मागतो कसा, आणि तो नाही मिळाला म्हणून देशाचा सामना सोडतो कसा? 1885 मध्ये मेलबर्नच्या वर्तमानपत्रांनी हाच प्रश्न विचारला आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकलं: हाव. मला ते उत्तर पटत नाही. ब्लॅकहॅमची सगळी कारकीर्द समोर ठेवली की वेगळंच काही दिसतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

माणूस आणि गाव

ब्लॅकहॅमचा जन्म 11 मे 1854 चा, मेलबर्नच्या नॉर्थ फिट्झरॉयमधला. वडील वृत्तपत्रविक्रेते. तेव्हा ऑस्ट्रेलिया नावाचा देश अस्तित्वात नव्हता. व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्स, साउथ ऑस्ट्रेलिया या ब्रिटिशांच्या वेगवेगळ्या वसाहती होत्या आणि त्यांचं एकत्रीकरण व्हायला 1901 साल उजाडायचं होतं. म्हणजे ब्लॅकहॅमची सगळी कसोटी कारकीर्द न जन्मलेल्या देशाकडून झाली.

व्हिक्टोरियात 1851 पासून सोनं सापडत होतं आणि मेलबर्न बघता बघता मोठं झालं. सोनं, लोकर, जमिनीचे व्यवहार यांमागे बँका आल्या. कलोनियल बँक 1856 मध्ये निघाली. वृत्तपत्रविक्रेत्याच्या मुलाला बँकेत चिकटणं म्हणजे एक पायरी वर चढणं होतं. हात काळे न करता, कॉलर घालून, खातेवहीवर बसून करायचं काम. त्या कॉलरचा संबंध पुढे थेट क्रिकेटशी येतो.

इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये तेव्हा दोन जाती होत्या. हौशी म्हणजे ‘जंटलमन’ आणि पैसे घेऊन खेळणारे ते ‘प्लेअर’. दोघांचे ड्रेसिंग रूम वेगळे, पुष्कळ ठिकाणी मैदानात उतरायची दारंसुद्धा वेगळी. व्यावसायिक खेळाडू बहुतेक कष्टकरी घरांतले. खरं तर फरक पैशांचा नव्हताच. डब्ल्यू. जी. ग्रेस 1873-74 मध्ये संघ घेऊन ऑस्ट्रेलियात आला तेव्हा या ‘हौशी’ डॉक्टरकीच्या विद्यार्थ्याने 1500 पौंड आणि वर खर्च घेतला. त्याच जहाजातून आलेल्या व्यावसायिकांना 150 पौंड आणि वरखर्चाला 20. दसपट घेणारा हौशी आणि एकपट घेणारा धंदेवाईक! ही वाटणी घराण्याची आणि पेशाची होती. ऑस्ट्रेलियन मंडळी इंग्लंडला गेली तेव्हा त्यांना हौशींच्या रांगेत बसवलं गेलं, कारण त्यांच्यात बँकेतले, सरकारी कचेऱ्यांतले, वकिलीतले लोक होते. ब्लॅकहॅमची कॉलर तिथे उपयोगी पडली.

स्टंपांना चिकटून

पैशांच्या गोष्टीआधी हा माणूस मैदानात काय करत होता ते बघायला हवं, नाहीतर पुढची सगळी चर्चा हवेत राहील.

त्या काळी यष्टिरक्षकाच्या पाठीमागे, सीमारेषेच्या बाजूला, लाँगस्टॉप नावाचा क्षेत्ररक्षक ठेवायची रीत होती. खेळपट्ट्या ओबडधोबड, चेंडू कुठेही उसळायचा, कीपरच्या हातून निसटणार हे गृहीतच. ब्लॅकहॅमने हा माणूस काढून टाकला. मध्यमगती गोलंदाज असो की फ्रेड स्पॉफर्थसारखा ‘राक्षस’ म्हणून ओळखला जाणारा, हा गडी स्टंपांना चिकटून उभा. हातात आजच्यासारखे जाड ग्लोव्हज नव्हते, बागकामाला घालतात तसले पातळ कातडी मोजे असायचे. चेंडू घेणं आणि बेल्स उडवणं या त्याच्या लेखी दोन क्रिया नव्हत्याच. हात चेंडूवर बंद व्हायचे ते स्टंपांकडे जाता जाताच. फलंदाजाचा पाय क्रीजवरून अर्धा इंच उचलला गेला तरी तेवढ्यात खेळ खलास.

कसोटी क्रिकेटमधला पहिला यष्टिचीत त्याचाच. मार्च 1877 मध्ये मेलबर्नला टॉम केंडॉलच्या गोलंदाजीवर त्याने इंग्लंडच्या आल्फ्रेड शॉला टिपलं. त्या सामन्याआधी स्पॉफर्थ अडून बसला होता. त्याला यष्टीमागे न्यू साउथ वेल्सचा बिली मर्डॉक हवा होता, ब्लॅकहॅम नको. म्हणून तो पहिली कसोटी खेळलाच नाही. दुसऱ्या कसोटीत तो आला, चेंडू टाकला, आणि ब्लॅकहॅमने त्याच शॉला पुन्हा यष्टिचीत केलं, या वेळी स्पॉफर्थच्या चेंडूवर. त्यानंतर स्पॉफर्थची तक्रार संपली.

आणखी एक आकडा सांगतो, कारण तो मला फार बोलका वाटतो. ऑगस्ट 1882, ओव्हल. इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकांना लावला जाणारा ‘ॲशेस’ हा शब्द याच सामन्यानंतर जन्माला आला. इंग्लंडला जिंकायला 85 हव्या होत्या आणि धावफलकावर 2 बाद 51 होते. ग्रेस आणि युलियट जमले होते. स्पॉफर्थच्या चेंडूवर युलियटचा झेल ब्लॅकहॅमने घेतला आणि तिथून डाव कोसळला तो थेट 77 वर. ऑस्ट्रेलिया 7 धावांनी जिंकलं. सगळे स्पॉफर्थच्या 14 बळींबद्दल बोलतात आणि बोलायलाच हवं. पण त्या 77 धावांत अवांतर धावा किती? फक्त 4. भिजलेली खेळपट्टी, पेटलेला स्पॉफर्थ, आणि यष्टीमागे असा कीपर. दोन चेंडू त्याच्या हाताखालून सीमेकडे गेले असते तर हा सामना कदाचित उलटा फिरला असता.

आपल्याकडच्या वाचकांना तुलना हवी असेल तर मुंबईच्या नरेन ताम्हाणेंची आठवण काढावी. 21 कसोट्यांत 35 झेल आणि 16 यष्टिचीत. ब्लॅकहॅमचे 35 कसोट्यांत 37 झेल आणि 24 यष्टिचीत. दर पाच बळींत दोन यष्टिचीत! महेंद्रसिंग धोनीसारख्या विजेच्या हाताच्या माणसाचेही कसोटीत 256 झेल आणि 38 यष्टिचीत असं प्रमाण आहे. काळ बदलला, गोलंदाजी बदलली हे खरंच. पण हे 24 बळी जवळजवळ उघड्यावाघड्या हातांनी घेतलेले आहेत हे विसरू नये.

पन्नास पौंडांचं भागभांडवल

आता मूळ मुद्दा. 1878 मध्ये ऑस्ट्रेलियाचा पहिला प्रातिनिधिक संघ इंग्लंडला निघाला तेव्हा त्याच्या पाठीशी ना बोर्ड होतं, ना सरकार, ना प्रायोजक. जॉन कॉनवे हा व्यवस्थापक, डेव्ह ग्रेगरी कप्तान, आणि खेळाडूंनी प्रत्येकी 50 पौंड घालून उभी केलेली भागीदारी. आधी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये सामने, मग इंग्लंड, परतीच्या वाटेवर अमेरिका आणि कॅनडा. वर्षाहून जास्त काळ हे लोक घराबाहेर होते. बोटभाडं, हॉटेलं, रेल्वे, सगळं त्या गंगाजळीतून. गेटवर जमेल त्यातून खर्च वजा करायचा आणि उरेल ते वाटून घ्यायचं. मॅच फी नाही, पगार नाही. दौरा बुडाला असता तर गेलेले 50 पौंड आणि वर्षभराचं काम दोन्हींवर पाणी.

दौरा बुडाला नाही. 27 मे 1878 ला लॉर्ड्सवर त्यांनी ग्रेससकट एमसीसीचा (मेरिलिबोन क्रिकेट क्लबचा) संघ एका दिवसात उडवला: एमसीसी 33 आणि 19, ऑस्ट्रेलियन 41 आणि 1 बाद 12. दुसऱ्या दिवसापासून त्यांना बघायला गर्दी लोटू लागली. हिशेब संपला तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला साडेसातशे पौंडांच्या आसपास नफा आला. इंग्लंडचा नावाजलेला व्यावसायिक एका मोठ्या सामन्याचे 10 पौंड घ्यायचा. फरक डोळ्यांत भरणारा होता.

इंग्लिश व्यावसायिकांच्या डोळ्यांत तो भरलाच. त्याच सप्टेंबरात ओव्हलवर त्यांचा ऑस्ट्रेलियनांशी सामना ठरला. नऊ प्रमुख खेळाडूंनी सांगितलं, गेटवर एवढे पैसे जमतात तर आम्हाला 10 नको, 20 पौंड द्या. कॉनवेने नाही म्हटलं. नऊच्या नऊ जण बसून राहिले आणि त्यांच्या जागी दुसरे खेळले. त्या दुय्यम संघातल्या एडवर्ड बॅरटने एका डावात ऑस्ट्रेलियाच्या दहाही गड्यांना बाद केलं, ही गोष्ट वेगळी. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की 1878 मध्ये वाटा मागणाऱ्यांना नकार देणारी बाजू ऑस्ट्रेलियनांची होती. सहा वर्षांनी पारडं फिरलं.

ब्लॅकहॅमला या भागीदारीतून पैसा मिळाला यात शंका नाही. पण तो कशाच्या बदल्यात, ते पाहू. 1878, 80, 82, 84, 86, 88, 90 आणि 93 अशा पहिल्या आठही इंग्लंड दौऱ्यांवर गेलेला तो एकमेव खेळाडू. बोटीचा प्रवास धरून एक दौरा सात-आठ महिन्यांचा. चोवीस ते एकोणचाळीस या वयातली, नोकरीत वर चढायची, घर उभं करायची पाचेक वर्षं त्याने समुद्रावर आणि इंग्लंडच्या रेल्वेगाड्यांत काढली. लग्न त्याने केलं नाही. भागीदारीत नफ्याची वाटणी लिहिलेली होती. मोडलेल्या बोटांचा आणि म्हातारपणाचा रकाना तिच्यात नव्हता.

अजित वाडेकर स्टेट बँकेत नोकरी करत भारताचे कप्तान झाले, गुंडाप्पा विश्वनाथही त्याच बँकेचे. आपल्या पिढ्यांनी बँकांच्या संघांचं क्रिकेट पाहिलं आहे. तिथे बँक खेळाडूला खेळाडू म्हणूनच घ्यायची, दौऱ्यावर असला तरी त्याचं टेबल त्याचं असायचं, पगार चालू, निवृत्तिवेतन ठरलेलं. वाडेकरांच्या मागे जे उभं होतं त्यातलं बरंचसं ब्लॅकहॅमच्या काळात कुणाच्या मनातही आलेलं नव्हतं.

मेलबर्न, जानेवारी 1885

1884 चा इंग्लंड दौरा आटोपून बिली मर्डॉकचा संघ परतला तेव्हा इंग्लिश संघही ऑस्ट्रेलियात येऊन दाखल झाला होता. हा संघ पूर्ण व्यावसायिकांचा. आल्फ्रेड शॉ, आर्थर श्रूजबरी आणि जेम्स लिलीव्हाइट या तिघांनी स्वतःच्या जोखमीवर काढलेला दौरा. तोही धंदाच होता, उघडपणे.

मर्डॉकच्या मंडळींनी वाटा मागितला. ॲडलेडच्या असोसिएशनने मधला मार्ग काढला: दोन्ही संघांना प्रत्येकी 450 पौंड. सामना पार पडला, इंग्लंड 8 गडी राखून जिंकलं. मेलबर्नसाठी ऑस्ट्रेलियनांनी गेटमधला निम्मा हिस्सा मागितला. नकार आला. मग अकराच्या अकरा जण बाहेर, आणि टॉम होरनच्या नेतृत्वाखाली नवा संघ. त्यात नऊ जण आयुष्यातली पहिलीच कसोटी खेळत होते. यष्टीमागे ॲफी जार्विस. इंग्लंडने 10 गड्यांनी सामना खिशात घातला.

लोकमत खेळाडूंच्या विरोधात गेलं. नुकतेच इंग्लंडहून पैसे कमावून आलेत, नोकऱ्या आहेत, सभ्य माणसं म्हणवतात आणि मायदेशाच्या सामन्याला दर लावतात, असा सूर. या रागाला थोडा आधार होता हे मान्य करायला हवं. शॉ आणि श्रूजबरीने जोखीम घेऊन संघ आणला होता. प्रमुख खेळाडू नाहीत म्हटल्यावर गर्दी रोडावली आणि त्यांना झळ बसली. 1878 मध्ये इंग्लिश व्यावसायिकांना 20 पौंड नाकारणाऱ्या ऑस्ट्रेलियन संघाने आता निम्मं गेट मागावं, हेही दिसायला बरं नव्हतं.

तरीही मी ब्लॅकहॅमच्या बाजूने उभा राहीन. मैदानावर गर्दी कुणाला बघायला येत होती? स्पॉफर्थला, मर्डॉकला, स्टंपांना नाक लावून उभ्या असलेल्या काळ्या दाढीवाल्या कीपरला. गेटवर पैसे देणाऱ्याला असोसिएशनचे पदाधिकारी बघायचे नव्हते. ॲडलेडने जे समजून घेतलं ते मेलबर्नने नाकारलं. बँकेतला कारकून गेटमधला वाटा मागतो याचा धक्का लोकांना बसला, कारण त्याला हौशी ठरवणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. इंग्लंडमध्ये सन्मानाने वागवायलाही आणि मायदेशी फुकट राबवायलाही. त्या तमाशात सगळ्यांत मोठा तोटा त्यालाच झाला. सलग सतरा कसोट्यांची मालिका तुटली, तीही घरच्या मैदानावर.

पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. मार्चमध्ये सिडनीच्या चौथ्या कसोटीत ब्लॅकहॅम परतला, आणि थेट कप्तान म्हणून. ऑस्ट्रेलिया 8 गड्यांनी जिंकलं. म्हणजे दोन-अडीच महिन्यांत ‘हावरट’ माणूस नेतृत्वाला चालला. मात्र 1886 चा इंग्लंड दौरा खेळाडूंच्या भागीदारीने निघाला नाही, तो मेलबर्न क्रिकेट क्लबने काढला. ब्लॅकहॅम त्यातही होता. तिन्ही कसोट्या ऑस्ट्रेलियाने गमावल्या.

एक फाटा मुंबईकडे

जानेवारी 1879 मध्ये मेलबर्नला झालेल्या कसोटीत ब्लॅकहॅमसमोर इंग्लंडचा कप्तान होता लॉर्ड हॅरिस. याच सामन्यात स्पॉफर्थने कसोटीतली पहिली हॅट्ट्रिक घेतली. पुढच्याच महिन्यात सिडनीला मर्डॉकला धावबाद दिल्यावरून प्रेक्षक मैदानात घुसले, हॅरिसवर छडी पडली, आणि हॅरिसच्या मनात ऑस्ट्रेलियाबद्दल अढी बसली. 1880 मध्ये ब्लॅकहॅमची मंडळी इंग्लंडला पोहोचली तेव्हा त्यांना मोठे सामने मिळेनात. शेवटी समजूत घातल्यावर हॅरिसनेच संघ जमवला आणि सप्टेंबरात ओव्हलवर इंग्लंडमधली पहिली कसोटी झाली.

हाच हॅरिस 1890 ते 1895 मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. मैदानावर युरोपियनांच्या पोलोमुळे देशी क्रिकेटपटूंची होणारी कोंडी, जिमखान्यांच्या जागा, या सगळ्या वादांत तो आपल्याला भेटतो. शालेय क्रिकेटची हॅरिस शील्ड त्याच्याच नावाची. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीची 664 धावांची भागीदारी 1988 मध्ये याच स्पर्धेत झाली. क्रिकेट सभ्य माणसांनी सभ्यपणे खेळावं आणि खेळवावं अशी त्याची धारणा होती. त्या सभ्य माणसांत कुणाला घ्यायचं हे मात्र नेहमी त्याच्यासारख्यांनीच ठरवायचं. मेलबर्नचा कारकून काय आणि मुंबईच्या मैदानावरचा पोरगा काय, दोघांनाही हा दरवाजा माहीत होता.

1893 : बँक बंद, संघ परदेशी

1880 च्या दशकात मेलबर्नमध्ये जमिनीच्या किमती वेड्यासारख्या वाढल्या. बँकांनी आणि गृहबांधणी संस्थांनी त्या जमिनींवर कर्जं वाटली, ठेवी लंडनमधून आणि स्कॉटलंडमधून गोळा केल्या. फुगा फुटल्यावर आधी छोट्या संस्था गेल्या आणि 1893 मध्ये मोठ्या बँकांची पाळी आली. एप्रिल-मेच्या काही आठवड्यांत डझनभर बँकांनी दारं ओढून घेतली. 1 मे 1893 पासून व्हिक्टोरिया सरकारने पाच दिवसांची बँक सुट्टी जाहीर केली, त्याने घबराट वाढलीच. मेमध्येच कलोनियल बँकेनेही पैसे देणं थांबवलं. सहकारी बँकांवर निर्बंध आल्यावर दारासमोर लागणाऱ्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या सकाळची कल्पना करायला वेगळं काही सांगावं लागणार नाही. बहुतेक बँका पुढे ‘पुनर्रचना’ करून उघडल्या. म्हणजे ठेवीदारांची रक्कम वर्षानुवर्षं अडकली आणि भागधारकांवर आणखी पैसे भरायची वेळ आली.

त्या मे महिन्यात ब्लॅकहॅम कुठे होता? इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियाचा कप्तान म्हणून. ज्या बँकेच्या टेबलावर त्याने वर्षं काढली तिचे दरवाजे मेलबर्नमध्ये लागत होते, आणि इकडे त्याच्या संघात भांडणं पेटली होती. दारू, गटबाजी, मारामाऱ्यांच्या बातम्या. पोर्टस्मथला त्यांनी ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या आजी-माजी खेळाडूंविरुद्ध 843 धावांचा डोंगर उभा केला, पण मालिका 0-1 अशी गेली. केंब्रिजच्या संघातून रणजितसिंहजी नावाचा विद्यार्थी या ऑस्ट्रेलियन संघाविरुद्ध खेळला, हीसुद्धा त्याच उन्हाळ्यातली गोष्ट.

ब्लॅकहॅम कप्तान म्हणून कसा होता? 1891-92 मध्ये ग्रेसच्या संघाला त्याने 2-1 ने हरवलं, ती त्याची सर्वोत्तम कामगिरी. एकूण 8 कसोट्यांत 3 विजय, 3 पराभव, 2 अनिर्णित. पण तो हळवा होता, ताण त्याला सोसवत नसे. यष्टीमागे ज्याची पापणी लवायची नाही तो ड्रेसिंग रूममध्ये येरझारा घालत राहायचा. 1893 च्या त्या बेशिस्त संघाला करड्या माणसाची गरज होती आणि तो तसा नव्हता.

सिडनी, डिसेंबर 1894

शेवटची कसोटी. ऑस्ट्रेलियाच्या डावात सिड ग्रेगरी आणि ब्लॅकहॅम नवव्या गड्यासाठी एकत्र आले आणि 154 धावा जोडल्या. ग्रेगरी 201, ब्लॅकहॅम 74. वयाच्या चाळिशीत, शेवटच्या कसोटीत, कारकिर्दीतली सर्वोच्च धावसंख्या. नवव्या गड्याच्या या भागीदारीचा ऑस्ट्रेलियन विक्रम शंभराहून अधिक वर्षं टिकला. संघाच्या 586 झाल्या. इंग्लंड 325 वर बाद, मग फॉलोऑन, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजी, आणि दुसऱ्या डावात 437. ऑस्ट्रेलियाला 177 हव्यात. पाचव्या दिवशी संध्याकाळी 2 बाद 113. आणखी 64 धावा, हातात आठ गडी, खेळपट्टी ठणठणीत.

रात्री पाऊस कोसळला. तेव्हा खेळपट्ट्या झाकत नसत. सकाळी ऊन पडलं, आणि ओल्या मातीवर ऊन म्हणजे फिरकीला मेजवानी. बॉबी पील आणि जॉनी ब्रिग्ज या दोन डावखुऱ्यांनी चेंडू हवे तसे वळवले. ब्लॅकहॅमचा अंगठा याच सामन्यात कीपिंग करताना जबर दुखावला होता. तसल्या हाताने तो शेवटी खेळायला आला आणि 2 धावांवर पीलनेच स्वतःच्या चेंडूवर त्याचा झेल घेतला. 166 सर्वबाद. 10 धावांनी हार. फॉलोऑन मिळालेल्या संघाने कसोटी जिंकण्याची ती पहिली वेळ. त्यानंतर थेट 1981 चं हेडिंग्ले, आणि मग 2001 चं ईडन गार्डन्स, लक्ष्मणच्या 281 धावांचं.

तो अंगठा ब्लॅकहॅमला पुन्हा कसोटीत उतरू देणारा नव्हता. 35 कसोट्या, 800 धावा. 1891 मध्ये विस्डेन या इंग्लिश क्रिकेट वार्षिकाने पाच थोर यष्टिरक्षक निवडले त्यांत तो एकटाच ऑस्ट्रेलियन. ‘यष्टिरक्षकांचा राजपुत्र’ हे बिरुद त्याला लोकांनी दिलं आणि ते कायम राहिलं.

त्याच्या पश्चात खेळाडूंची भागीदारी फार काळ तगली नाही. 1905 मध्ये ऑस्ट्रेलियाचं नियामक मंडळ स्थापन झालं. 1912 मध्ये व्यवस्थापक निवडायचा हक्क खेळाडूंचा की मंडळाचा यावरून क्लेम हिल, व्हिक्टर ट्रंपर, वॉरविक आर्मस्ट्राँगसह सहा जणांनी इंग्लंड दौरा नाकारला, आणि मंडळाने त्यांच्याशिवाय संघ पाठवला. 1885 चीच पुनरावृत्ती, फक्त या वेळी असोसिएशनच्या जागी अख्खं मंडळ. कलोनियल बँक 1918 मध्ये नॅशनल बँक ऑफ ऑस्ट्रलेशियात विलीन झाली.

ब्लॅकहॅम 28 डिसेंबर 1932 ला मेलबर्नमध्ये वारला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. दोनच दिवसांनी त्या शहरात इंग्लंडविरुद्धच्या, अंगावर चेंडू टाकण्यामुळे गाजलेल्या बॉडीलाइन मालिकेची दुसरी कसोटी सुरू झाली आणि डॉन ब्रॅडमन मैदानात उतरला. तो खेळणार की नाही याबद्दल त्या हंगामात बरेच दिवस अनिश्चितता होती. वर्तमानपत्रात लिहिण्यासाठी त्याचा करार होता आणि खेळत असताना लिहायला मंडळाची परवानगी नव्हती. मी करार मोडणार नाही, असं ब्रॅडमनने सांगितलं होतं. शेवटी वर्तमानपत्राच्या मालकांनीच त्याला लेखनातून मोकळं केलं.